चौथ्या मजल्यावरचा झेंडा

तेहतीस वर्षं पोलीस खात्यात काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोक्यावर दगडही खाल्ला. पण जे प्रकरण आजही मनातून जात नाही ते निवृत्तीनंतरचं आहे, आणि तेही जपानमधलं. त्याची नोंद कुठल्याही स्टेशन डायरीत नाही, म्हणून इथे करतो.

मोठ्या भूकंपाला चारेक वर्षं झाली होती. माझी मुलगी त्सुकुबाला एका संशोधन संस्थेत होती आणि परदेशी संशोधकांसाठीच्या इमारतीत राहायची. मी तीन महिन्यांसाठी गेलो होतो. काम काय, तर कचरा वेगळा करणं. जन्मभर गुन्हेगार वेगळे केले, आता बाटल्यांची झाकणं वेगळी करत होतो.

खबर मुलीनेच आणली. तिच्या प्रयोगशाळेतली एक कृष्णवर्णीय अमेरिकन बाई समोरच्या इमारतीत राहायची, सोबत सहा वर्षांची लेक. आमच्या चौथ्या मजल्यावर तिला तीन वेळा एक झेंडा दिसला होता. लाल कापड, त्यावर निळी फुली, फुलीत पांढऱ्या चांदण्या. अमेरिकेतल्या दक्षिणेच्या राज्यांनी गुलामगिरी टिकवायला जे युद्ध केलं, त्यातला हा झेंडा. तिने घरांच्या कचेरीत तक्रार केली, खाली नोटीस लागली आणि झेंडा गायब झाला.

दोन बाल्कन्या शेजारी शेजारी, मध्ये पातळ आडोसा, पुढे झाड. झेंडा नक्की कुठल्या बाल्कनीत होता ते खालून कळत नव्हतं. पण एका घरात दक्षिणेकडचाच एक गोरा अमेरिकन विद्यार्थी राहत होता, मग काय, सगळ्यांचं बोट त्याच्याकडे. महिनाअखेर खोली सोड, असं त्याला तोंडी सांगून झालं होतं. खोली गेली की संस्थेतली जागाही गेल्यातच जमा होती. फिर्यादी बाई माझ्या मुलीला म्हणाली होती, "त्या झेंड्याखाली मी राहणार नाही. पण चुकीचा माणूस गेला तर तेही मला नको." असा फिर्यादी मला सबंध नोकरीत दोनदाच भेटला असेल. म्हटलं, बघू या.

आधी त्या मुलाचा जबाब घेतला, सायकली लावतात तिथल्या बाकावर. दुभाषी माझी मुलगी. तो म्हणाला, हा झेंडा आजोबांच्या खोलीत होता. आजोबांच्या लेखी तो घरातल्या मेलेल्या माणसांची आठवण. त्यांच्याकडे अजून कित्येकांना तसंच वाटतं आणि त्यावरून घराघरांत भांडणं होतात. मी विचारलं, तुला काय वाटतं? तो म्हणाला, "शाळेत काही मुलं तो घेऊन यायची. ती तो कोणाच्या तोंडासमोर नाचवायची ते मी पाहिलंय. मी तो लावणार नाही." खोटं बोलणारा माणूस स्वतःची बाजू आधी सांगतो. याने आजोबांची आधी सांगितली. मी त्याला मनातून यादीबाहेर काढलं.

मग पुरावा. बाईने फोनवर तीन फोटो काढले होते. तिन्ही सकाळी दहा ते बाराच्या मधले, तिन्ही दिवस लख्ख उन्हाचे. दाखवायला लावलेला झेंडा माणूस दुपारी आत कशाला घेईल? शिवाय एका फोटोत वारा होता. खालच्या मजल्यावरचा टॉवेल आडवा झाला होता आणि हा झेंडा मात्र सरळ खाली लोंबत होता. जड होता. मी फोटो मोठा केला. कापडभर बारीक चुण्या, एकीखाली एक, आडव्या ओळींत. अहो, ही तर गोधडी!

ते त्या इमारतीत दुसऱ्या कोणाला ओळखू येणार? जपानी लोकही उन्हात गाद्या टाकतात, पण धावदोऱ्याने पडलेली चुणी आपल्यालाच कळते. आणि दुसऱ्या बाल्कनीचं घर मराठीच होतं. तिथे स्वतःच्या लेकीच्या बाळंतपणाला फलटणहून एक आजीबाई आल्या होत्या. त्यांच्या हातचे डिंकाचे लाडू मी स्वतः खाऊन आलो होतो!

शनिवारी बाळाला बघायच्या निमित्ताने गेलो. आजीबाईंनी कौतुकाने गोधडी दाखवली. वर स्वतःची जुनी सुती साडी, खाली अस्तराला कपाटात सापडलेलं जाड लाल कापड. "जावईबापूंनी जुन्या कपड्यांच्या दुकानातून आणून टाकलं होतं, साहेब. चांगलं टिकाऊ निघालं." त्या बिचारीला यातलं काहीच माहीत नव्हतं.

जावई स्वयंपाकघरात चहा करत होता. मी दार लोटून घेतलं. संशयिताला 'तू केलंस का' असं कधी विचारू नये, तो नाही म्हणायला मोकळा होतो. मी विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

त्याने गॅस बंद केला. "नोटीस लागली त्याच दिवशी, काका."

मग सगळं आलं. आवडत्या गिटारवाल्यांच्या पोस्टरवर असायचा म्हणून घेतला होता. या देशात जुन्या अमेरिकन कपड्यांच्या दुकानांत तो सर्रास टांगलेला असतो. अर्थ कळल्यावर घाबरला, सासूबाईंना काहीतरी कारण सांगून गोधडी आत घेतली. मार्चमध्ये कंत्राट वाढायचं होतं, घरात दोन महिन्यांचं मूल. त्या मुलाला नुसती समज देऊन सोडतील असं वाटलं म्हणे. मला राग आला, आणि तो मी लपवला नाही. म्हटलं, "झेंडा चुकून लागला, ते माफ आहे. पण शेजारचं पोरगं घराबाहेर निघालंय आणि तुम्ही आडोशाच्या अलीकडे चहा पिताय, हे चुकून नाही."

सोमवारी तो स्वतः कचेरीत गेला, लेखी जबाब दिला. विद्यार्थ्याची खोली वाचली. संध्याकाळी आम्ही सगळे बाईकडे गेलो. आजीबाईंनी आदल्या रात्रीच अस्तर उसवून टाकलं होतं. जावयाने मान खाली घालून माफी मागितली, उद्देश तसा नव्हता म्हणाला. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "तुम्हाला माहीत नव्हतं, हे मला पटतं. पण दोन आठवडे मी लेकीला मागच्या दाराने शाळेत नेलं, तिला तो दिसू नये म्हणून. तुम्हाला माहीत नव्हतं म्हणून त्या सकाळी परत येत नाहीत." आवाज चढवला नाही, चहा मात्र सगळ्यांना दिला.

मी तपास लावला म्हणून मुलगी खूश होती. कायदा आम्हाला उद्देश शोधायला शिकवतो आणि त्यात मी तरबेज होतो. उद्देश नाही, प्रकरण बंद. पण परत येताना मला एक माणूस आठवला. ऐन उमेदीत एका तालुक्याच्या ठाण्यात असताना तो अर्ज घेऊन आला होता. मिरवणुकीनंतर गावातल्या पोरांनी त्याच्याच दारासमोर त्यांचा झेंडा रोवला होता, बायको पाण्याला बाहेर पडेना. पोरांना बोलावलं, ती म्हणाली सहज लावला. मी त्या माणसाला म्हणालो, "अहो, कापडच आहे. एवढं काय मनाला लावून घेता?"

त्याने अर्जाची घडी घातली, खिशात ठेवली, मला नमस्कार केला आणि गेला. मी त्याचं नावसुद्धा लिहून घेतलं नव्हतं.