सोनाबाईची जागा

"ह्यांची सुकडी आजपास्नं बंद," मुकादमानं सांगितलं, तेव्हा सोनाबाई वाडगा पुढे करून बसली होती. तिनं वाडगा पदराखाली घेतला. मला लाज वाटली.

बहात्तरच्या दुष्काळात रहिमतपूरच्या पुढं एका तलावाच्या कामावर मी ओव्हरसियर होतो. मजुरांना सुकडी मिळायची, म्हणजे भाजलेलं गोडसर पीठ. उरलेली आम्ही गावातल्या अपंगांना देत असू. आता नवा हुकूम आला होता: कामावर असेल त्यालाच द्यायची. सोनाबाईचे दोन्ही पाय लहानपणापासून लुळे. एकटी बाई. सुकडी बंद म्हणजे चूल बंद.

मजूर बायकांची तान्ही मुलं सांभाळायला एक बाई नेमता येत असे. त्या जागेवर मुकादमानं स्वतःची धडधाकट मेहुणी बसवली होती. बाभळीला टांगलेल्या झोळ्यांत मुलं रडायची, ही खाली घोरायची. आया सारख्या खड्ड्यातून वर यायच्या.

"मेहुणीला मातीची पाटी द्या," मी म्हणालो. "मुलांपाशी सोनाबाई."

मुकादम हसला. "आवं सायेब, तिला चालता येत न्हाई. पोरं पळाली मंजी?"

सोनाबाईच बोलली, "पळनारी पोरं पाट्या वाहत्यात. हितं ऱ्हात्यात ती रांगनारी. मीबी रांगतीच की."

दुसऱ्या दिवशी मी सोनाबाईला बाभळीखाली बसवलं आणि मेहुणीला पाटी दिली. मुकादमानं वर तक्रार केली. आठवड्यात डेप्युटी साहेबांची जीप आली.

"अपंग बाई कामावर? ऑडिटला उत्तर कोण देणार?"

"सर, आधी माप घेऊ." मजुरी खोदाईच्या मापावर मिळायची. मी टेप धरला. खड्डे नेहमीपेक्षा चांगलेच खोल गेले होते.

"मजूर वाढवलेत?"

"नाही सर. आया आता वर येत नाहीत."

साहेबांनी बाभळीकडे पाहिलं. एक पोर सोनाबाईच्या मांडीवर झोपलेलं, दुसरं तिच्या पाठीवर चढत होतं.

"कंटिन्यू करा," साहेब म्हणाले. "आणि शेजारच्या कामावरही कुणी असं असेल तर बघा."

जीप गेल्यावर मी एकटाच मोठ्यानं हसलो. इतका आनंद मला प्रमोशनलाही झाला नाही.

संध्याकाळी सुकडी वाटताना मी सोनाबाईला पुढं बोलावलं.

"न्हाई सायेब. आता मी कामावरची हाय. माझ्या पाळीनं येते."

हुकूम एखाद्याला बाहेर काढतो, तेव्हा भांडत बसू नये. त्याच कामावर दुसरी जागा शोधावी. बहुतेक वेळा तिथं मुकादमाचं कुणीतरी झोपलेलं असतं.