उजवीकडचे दोन बैल आणि तुमचे आजोबा

मुलांनो,

रविवारी फोनवर तुम्ही शाळेतला इतिहासाचा धडा सांगितलात. एका देशात यादवी झाली, राजा परागंदा झाला आणि पुढे एका सेनापतीने लढाई न करता त्याला परत गादीवर बसवलं. मग विचारलंत, आपल्या आजोबांनी फौजेत असं काही केलं होतं का? फौजेत नाही, गावात केलं. पाहिलेली माणसं आता थोडी उरलीत आणि माझी आठवण अजून शाबूत आहे, म्हणून क्रमाने लिहून ठेवते.

मी शिरूरची, लग्न होऊन दौंड तालुक्यात आले. आपल्याकडे पोळा भाद्रपदात. सजवलेले बैल वेशीतल्या तोरणाखालून जातात आणि पहिली जोडी पाटलांची. पाटीलकी कायद्याने कधीच गेली होती, तरी त्या एका संध्याकाळी पाटील गावचे राजे असत. पुढे सरपंचाच्या निवडणुकीवरून वरची आळी आणि खालची आळी अशी फूट पडली. पहिला मान आमचा, असं दोघीही म्हणू लागल्या. पोळे दोन निघाले, एकदा काठ्याही निघाल्या. म्हातारे पाटील दार लावून घरात बसले. पाच वर्षं वेशीकडे फिरकले नाहीत. मरायच्या आधी सगळं गाव एकदा एका तोरणाखालून जाताना बघायचंय, एवढंच ते मला म्हणाले होते.

त्याच सुमाराला आजोबा सुभेदार म्हणून निवृत्त होऊन आले. इतकी वर्षं बाहेर राहिल्यामुळे ते कुठल्याच आळीचे नव्हते, आणि दोन्ही आळ्यांना आपलेच वाटत. महिनाभर ते दोन्हीकडे चहा प्यायले, सगळं ऐकलं, मत काही दिलं नाही. घरी मलासुद्धा नाही. शेवटी दोन्हीकडे एकच विचारलं: समोरच्यांचा मान नको, मग कुणाचा चालेल? दोन्हीकडून उत्तर आलं, पाटलांचा.

पण पाटलांनी तर बैल कधीच विकले होते.

"माझ्या गोठ्यात ट्रॅक्टर हाय," ते म्हणाले. "त्याच्या शिंगांना हिंगूळ लावू का?"

"एक बैल वरच्या आळीचा, एक खालच्या. कासरे तुमच्या हातात, आबा," आजोबा म्हणाले.

दोन्ही आळ्यांनी ईर्षेने आपापला सगळ्यात देखणा बैल पाठवला. एकमेकांशी बोलणं नव्हतंच, त्यामुळे विचारणार कोण? वेशीजवळ कळलं की दोघेही उजवीकडचे. औताला जन्मभर उजव्या अंगाने चाललेला बैल डावीकडे उभा राहत नाही. खालच्या आळीचा डावीकडे आला होता, तो दुसऱ्याला रेटू लागला. आमचाच बैल डावीकडे का, म्हणत खालची आळी त्याला सोडवून न्यायला पुढे सरसावली. पाटलांनी कासरे खाली सोडले आणि ते घराकडे वळले.

आजोबांची सगळी नोकरी खेचरांच्या तुकडीत गेली होती. ते झटकन त्या बैलाच्या डाव्या अंगाला गेले, जिथे त्याचा जोडीदार चालायचा तिथे, आणि त्याच्या खांद्याला खांदा टेकवून उभे राहिले. बैल शांत झाला. मग त्यांनी पाटलांना हाक मारली.

"सुभेदार, तुमची शिंगं कुठं हायत?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"सरकारजमा केलीत," कासरे उचलत पाटीलच म्हणाले. "चला आता."

आणि पाटील, दोन बैल आणि इस्त्रीच्या कोटातले तुमचे आजोबा तोरणाखालून गेले. मागून दोन्ही आळ्या गेल्या, आधी हसत आणि मग एकमेकांत मिसळून. बैलाच्या अंगावरून कोटाच्या खांद्याला लागलेला हिंगूळ मला किती घासूनही निघाला नाही.

पाटील त्यानंतर तीन पोळे बघून गेले. आजोबाही गेले. आता कासरे पाटलांची नात धरते. कुरकुंभच्या कारखान्यात शिफ्टला असते, त्या दिवसाची रजा आधीच सांगून ठेवते. गावात बैल पाचच उरलेत, मागे धुतलेले ट्रॅक्टर असतात. पहिल्या जोडीतला एक बैल अजून वरच्या आळीचा असतो, एक खालच्या. पोळा एकच निघतो.