बाईंचा ‘ण’

लिहिण्याचा मला अधिकार नाही, याची जाणीव ठेवूनच हे लिहीत आहे. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिला लेख लिहायला बसणे हा आगाऊपणाच. त्यातून ज्या बाईंविषयी लिहायचे, त्या आज असत्या तर पहिल्याच ओळीखाली त्यांनी तांबडी रेघ मारली असती. वाचकांनी क्षमा करावी.

बाई अकोल्याला आमच्या शाळेत मराठी शिकवत. त्यांचा ‘ण’ इतका खणखणीत की मागच्या बाकावर पेंगणारी मुलगीही सावरून बसे. आम्ही साऱ्या ‘पानी’, ‘लोनी’, ‘कोन’ म्हणणाऱ्या वऱ्हाडी मुली. बाईंनी एकेकीची जीभ टाळूला लावून घेतली. मात्र एक गोष्ट आम्हा सर्वांना ठाऊक होती. संशय आला की बाईंचा स्वतःचाच ‘ण’ गळून पडे. ‘हे कोणाचं?’ असे विचारले तर त्यांना उत्तर हवे असे, ‘हे कोनाचं?’ असे विचारले तर कोणीतरी पकडली गेली, असे समजावे.

आठवीत मी आमच्या संत्र्यांच्या बगीच्यावर निबंध लिहिला. माझे माहेर चांदूर बाजारकडचे. शिक्षणासाठी मी अकोल्याला मामांकडे राहत असे. बहर धरण्यापूर्वी संत्र्याच्या झाडांचे पाणी काही दिवस तोडतात. त्याला ताण देणे म्हणतात. त्याविषयी मी लिहिले होते, ‘ताणावरची झाडे रुसून न जेवलेल्या मुलींसारखी दिसतात.’ बाईंनी मला टेबलाजवळ बोलावले आणि त्या वाक्यावर बोट ठेवले.

“हे कोनाचं?”

“माझं, बाई.”

 गुण न देता नुसते ‘पाहिले’ असे लिहून त्यांनी वही परत केली. वाक्य माझे नव्हतेच, आईचे होते. ती कधी शाळेत गेली नव्हती, आणि भर वर्गात तिचे नाव घ्यायची मला लाज वाटली होती. त्यानंतर परीक्षेतली उत्तरे आणि घरची पत्रे वगळता मी काही लिहिले नाही.

दहा वर्षांनी बाई आपल्या मुलासाठी मला पाहायला माहेरच्या घरी आल्या. मला त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. बैठकीतून उठून त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि तासभर आईजवळ बसल्या. घराण्याची चौकशी चालली आहे, असे वडिलांना वाटले. मला मात्र वाटले, चोरीचा माग काढीत बाई इथवर आल्या. होकार आला, त्यावरही माझा विश्वास बसला नाही.

सासूबाई झाल्या तरी त्या बाईच राहिल्या; सारे घर त्यांना बाईच म्हणे. त्यांच्या निवृत्तीनंतर आम्ही अमरावतीला राजापेठेत राहायला आलो. जुने विद्यार्थी मिठाई घेऊन पाया पडायला येत. आलेला माणूस जिना उतरेपर्यंत बाई डबा उघडू देत नसत. “काहून देऊन राहिला हा? पोराची ॲडमिशन असन,” म्हणत. बहुतेक वेळा ते खरे निघे. त्यांची नात, म्हणजे माझी मुलगी, एकदा शिकवणीहून घुम्यासारखी आली आणि ‘काही नाही’ म्हणाली. बाईंचा ‘काही नाही’वर कधीच विश्वास नव्हता. दुसऱ्या दिवसापासून त्या काठी टेकत तिच्यासोबत क्लासपर्यंत जाऊ लागल्या. वळणावर दुचाकींवर बसून शेरे मारणारे टोळके त्यांनी पाहिले आणि एकेकाला गाव नि बापाचे नाव विचारले. चौथ्या दिवशी वळण मोकळे होते.

सकाळच्या वरणाचा थेंब जिभेवर घेऊन “कोनाच्या हातचं?” असे त्या विचारत, तेव्हा इतक्या वर्षांनंतरही मी टेबलाजवळ बोलावल्यासारखी पुढे येऊन उभी राही.

गेल्या वर्षी त्या अंथरुणाला खिळल्या. एके दुपारी मी संत्रे सोलून फोड त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती हुंगली.

“हे कोनाचं?”

“आमच्या बगीच्यातलं,” मी म्हणाले, आणि पुढचे आपोआप तोंडातून निघाले, “बाई, ते वाक्य मायचं होतं.”

“ठाऊक हाये मले. तेरा वर्साच्या पोरीचं नोतंच ते. कोनाचं हाये, ते पाह्याले तर आली होती मी तुह्या घरी. तुह्या मायनं मांगच्या दारातून झाडं दाखवली अन् तेच बोलली. तवाच म्हटलं, सून याच घरची कराची.”

“मग इतकी वर्षं बोलल्या काहून नाही?”

“तू सांगशीन म्हनून थांबली होती.”

फोड तोंडात घालून त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने वर्गातल्यासारख्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या, “खाली आईचं नाव लिहायचं होतं. कोणी गुण कापले नसते.” त्यातला ‘ण’ न् ‘ण’ जागच्या जागी होता.

दहा दिवसांनी बाई गेल्या.

संशय त्यांच्याकडूनच शिकले, त्यामुळे तो जात नाही. बाईंना पसंत पडली ती मी, की माझी आई? हे विचारायचे राहून गेले. आता लेख झाला आहे, आणि त्याखाली नाव घालायचे आहे. यातले एकमेव चांगले वाक्य आईचे, शुद्धलेखन बाईंचे, आणि उशीर तेवढा माझा. तुम्हीच सांगा, खाली कोणाचे नाव लिहू?