एक धडा पुढे

इंटर सायन्सला असताना मी टेंभी नाक्याजवळच्या एका वाचनालयात अभ्यासाला बसत असे. तिथे एका दुपारी नऊवारीतल्या, चाळिशीच्या एक बाई पाटी घेऊन माझ्यासमोर बसल्या.

"बाळ, पदार्थविज्ञानातलं हे उदाहरण समजावशील का?"

त्यांची मुलगी मॅट्रिकला होती. पाय मोडून ती अंथरुणाला खिळली होती, आणि वर्ष वाया गेलंच म्हणून तिने पुस्तक मिटून ठेवलं होतं. म्हणून आई इथे शिकून संध्याकाळी तिच्या उशाशी बसे आणि शिकवे. मुलगी नुसती ऐके.

आम्ही एकमेकांची नावं कधी विचारली नाहीत. मी त्यांना काकू म्हणे. मी घाईने गणित सोडवलं, की त्या पदराने पाटी पुसून टाकत. "उत्तर पुस्तकाच्या मागे आहेच रे. माझं अडतं कुठे, ते सांग." मग ओठ हलवत, टेबलावर बोटाने रेघा ओढत पुन्हा पहिल्यापासून. समजलं, की चष्मा कपाळावर जाई.

एके दिवशी त्या हसतच आल्या. गाडी जाताना ताशी वीस मैल वेगाने गेली, त्याच रस्त्याने येताना तीस. तर सरासरी वेग किती? काकूंनी मुलीला पंचवीस सांगितला होता.

"चुकलंच की, काकू. जाताना वेळ जास्त लागतो, म्हणून चोवीस येतो," मी म्हणालो.

"अरे, तेच तर! ती ताडकन उठून बसली. म्हणाली, 'आई, चुकलीस तू!' आणि स्वतःहून पुस्तक मागितलं."

बरोबर रीत मांडायला मी पेन्सिल उचलली, तर काकूंनी माझा हात धरला.

"नको, बाळ. आज तीच मला शिकवणार आहे."