भोंगा झाला होता, असं मी सांगितलं

नाशिकच्या पूर्वेला नदीवर एक बंधारा आहे. त्याचं नाव लिहीत नाही. तिथं आता दुसरी माणसं काम करतात आणि त्यांचा यात काही संबंध नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून काही वर्षं त्या बंधाऱ्याची दारं माझ्या ताब्यात होती. फोनवर निरोप आला की दार उचलून खाली पाणी सोडायचं, आणि सोडण्याआधी भोंगा द्यायचा, हे माझं काम. भोंगा हाताने फिरवायचा असे. दांडा धरून जोर लावला की आधी नुसती घरघर, मग आवाज चढत जाई, आणि पात्रात धुणं धुणाऱ्या बायका, गुराखी, टरबुजाच्या वाडीतली माणसं काठावर निघून येत.

ऐंशीनंतरच्या एका एप्रिलमध्ये त्या पात्रात वनखात्यातला एक जुना माणूस बुडाला. त्यांनी जीव दिला, असं तिथल्या लोकांनी मानलं. त्यातले जे उरलेत ते अजूनही मानतात. त्यांनी जीव दिला नाही. हे मला त्याच दिवशी माहीत होतं, आणि लिहायला मात्र म्हातारपण यावं लागलं.

त्यांना सगळा गाव रेंजर म्हणे. ते रेंजर नव्हते, फॉरेस्टर होते, आणि तिथवर पोचायलाही त्यांची निम्मी नोकरी गेली होती. मी पहिल्यांदा "रेंजरसाहेब" म्हणालो तेव्हा त्यांनी सायकल थांबवली.

"अहो दारवाले, हळू बोला. खरा रेंजर वर बसलाय. त्याच्या कानावर गेलं तर मला परत गार्ड करील."

तेव्हापासून ते मला दारवाले म्हणत आणि मी त्यांना रेंजरसाहेब.

त्यांची उमेदीची वर्षं सुरगाण्याकडच्या डोंगरात गेली होती. सागाचं जंगल, पायी फिरणं, पाड्यांवर मुक्काम. लाकूडचोरांच्या मागे उतारावरून पडले तेव्हापासून उजवा गुडघा नीट वाकत नसे. तिथल्या गोष्टी ते गंभीर तोंडाने सांगत. एकदा चोरीच्या लाकडांसकट एका माणसाला धरून चौकीकडे चालले होते. वाटेत त्या माणसाचं घर लागलं. तो म्हणाला, साहेब, भाकरी खाऊन जाऊ. दोघं जेवले आणि पुढे निघाले.

"म्हणजे त्याच्या घरी जेवून मग त्याला आत टाकलंत?" मी विचारलं.

"आधी धरलेला होता, मग जेवलो. भूक काय माझ्या एकट्याचीच होती का?"

नोकरीची शेवटची काही वर्षं उरली असताना त्यांना आमच्या बंधाऱ्यावर पाठवलं. हिवाळ्यात तिथल्या फुगवट्याच्या पाण्यावर परदेशी बदकं उतरत, त्यांची राखण करायला. आधी ते चिडले होते. झाडं राखणाऱ्या माणसाला बदकं दिली म्हणायचे. पहिल्या हिवाळ्यात त्यांना पाणकावळा आणि बदक यांतला फरकही सांगता येत नव्हता. मग कुठून तरी चित्रांचं एक फाटकं पुस्तक आणलं आणि पाण्याकाठी उकिडवं बसता येत नाही म्हणून स्टूल घेऊन बसू लागले.

ते काही देवमाणूस नव्हते. राग त्यांच्या नाकावर असे. एका कोळ्याचं जाळं त्यांनी सगळ्यांसमोर जाळलं, त्यात बदकं अडकलेली सापडली म्हणून. ते घर त्यांच्याशी पुन्हा कधी बोललं नाही आणि यांनाही त्याचं वाईट वाटलं नाही. शेवटच्या हिवाळ्यात जीप घेऊन शिकारीला आलेल्या एका मोठ्या घरच्या पोराची बंदूक त्यांनी काढून घेतली. बंदूक पोराला परत मिळाली आणि यांना खुलासा द्या म्हणून कागद आला. ते आठवडाभर गप्प होते. हे सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि पुढे तेच सगळ्यांना आठवलं.

उन्हाळ्यात बदकं जात आणि बंधाऱ्याखाली पात्र उघडं पडे. पाण्याच्या दोन धारांमध्ये वाळूची बेटं वर येत, आणि त्या वाळूवर नदीसुरय पक्षी अंडी घालत. घरटं वगैरे काही नाही. वाळूत जरासा खळगा आणि वाळूच्याच रंगाची अंडी. रेंजरसाहेब मला एकदा तिथं घेऊन गेले. काठावर त्यांनी चपला काढल्या आणि मलाही काढायला लावल्या.

"डोळ्यांना दिसत नाही ते पायाला कळतं. चपलेखाली अंडं आलं तर तुम्हाला पत्ताही लागायचा नाही."

ते कायम तसेच जात, वाळू तापलेली असली तरी. काठावर चपला जोडीने ठेवायच्या आणि अनवाणी, पाय घासत, दुखरा गुडघा सांभाळत चालायचं. हे मला माहीत होतं. बाकी कोणी त्यांच्याबरोबर बेटावर गेलंच नव्हतं.

त्याच दिवशी त्यांनी मला भोंग्याचं सांगितलं. भोंगा झाला की सगळे पक्षी एकदम उठतात आणि बराच वेळ खाली येत नाहीत. तेवढ्यात उन्हाने अंडी शिजतात.

"थोडं पाणी सोडलं तर बेटं बुडत नाहीत, फक्त धार वाढते," ते म्हणाले. "हे दोन महिने भोंगा नका देऊ, दारवाले. माणूस पाठवा काठाकाठानं. तो सांगेल सगळ्यांना."

"आणि वर कळलं तर?"

"तर दोघं मिळून बदकं राखू."

मी हो म्हणालो. त्या उन्हाळ्यापासून पाणी सोडायचं झालं की आमचा चौकीदार सायकलवरून काठाने हाका मारत जाई, सगळे बाहेर आल्याचं परत येऊन सांगे आणि मग मी दार उचले. काही बिघडलं नाही. त्यामुळे आम्ही निर्धास्त झालो.

त्या दिवशी चौकीदार नव्हता. विंचूरला भाचीची हळद होती. रजा न मांडता, मला तोंडी सांगून गेला होता आणि सायकलही घेऊन गेला होता. माझ्याकडे सासरची माणसं आली होती. पानं वाढली होती, आमरस होता. तेवढ्यात फोन आला की खाली पाणी हवंय, लगेच सोडा, नेहमीपेक्षा जास्त.

मी बंधाऱ्यावर गेलो. खाली पात्रात नजर टाकली. उन्हाने सगळं पांढरं दिसत होतं. टरबुजाच्या वाड्या उठल्या होत्या, माणूस दिसत नव्हता. पण काठावर बाभळीखाली रेंजरसाहेबांची सायकल होती. ती मी पाहिली. दुपारचे ते त्या बाभळीखाली आडवे होत. तिथंच झोपले असतील, असं मी धरून चाललो. चालत जाऊन बघून यायला फार वेळ लागला नसता.

भोंगा द्यावा, हेही मनात आलं होतं. त्यांना दिलेल्या शब्दापायी दिला नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. जेवण थांबलं होतं, दांडा फिरवायचा कंटाळा आला होता, आणि शब्द पाळल्याचं निमित्त हाताशी होतं. मी दारं उचलली आणि घरी जाऊन जेवलो.

संध्याकाळी त्यांच्या घरून निरोप आला की साहेब अजून आले नाहीत. आम्ही काठाने शोधत गेलो. सायकल बाभळीखालीच होती. पुढे, पाणी पोचलं नव्हतं अशा जागी, चपला होत्या. जोडीने, नीट ठेवलेल्या. बेट पाण्याखाली गेलं होतं. ते दुसऱ्या दिवशी सापडले, खाली वळणावर, लव्हाळ्यात.

"चपला बघा कशा ठेवल्यात," पोलीस पाटील म्हणाला. "देवळात जाताना ठेवतो माणूस, तशा. ते खुलाशाचं मनाला लय लागलं होतं त्यांच्या."

मी तिथंच उभा होतो. त्या चपला तशा का ठेवल्या आहेत, हे त्या घोळक्यात मला एकट्याला माहीत होतं. पण चपलांचं सांगितलं असतं तर भोंग्याचं विचारलं असतं.

चौकीदार परत आला होता. त्याने मला बंधाऱ्यावरच्या खोलीमागे गाठलं.

"दादा, माझी नोकरी जाईल. तुमची बी जाईल. तुम्ही भोंगा झाला म्हना, मी इथंच होतो म्हनतो."

चौकशीला आलेल्या साहेबांनी एवढंच विचारलं, "भोंगा दिला होता?"

"दिला होता, साहेब. नेहमीसारखा."

चौकीदार शेजारी मान हलवत होता. पाच मिनिटांत चौकशी उरकली. भोंगा झाला, माणूस नदी जाणणारा, चपला काढून ठेवलेल्या, तरी बाहेर आला नाही. त्याचा अर्थ लोकांनी लावला.

आणि मग एक गोष्ट झाली, तिची मला अजून भीती वाटते. लोकांना भोंगा आठवू लागला, त्या दिवसांत तो वाजतच नसे तरी. कांद्याच्या चाळीवर काम करणारा एक शेतकरी पारावर शपथेवर सांगत होता, "अहो, मी गाडी भरत होतो. भोंग्यानं माझा बैल बुजला की!" एक बाई म्हणाली, त्या दिवशी भोंगा जरा जास्तच वाजला. कोणी खोटं बोलत नव्हतं. त्यांना खरोखर ऐकू आला होता.

काही दिवसांनी त्यांची बायको माझ्या दारात आली. मी त्यांना वहिनी म्हणे. बसल्या नाहीत. त्या सकाळी दोघांचं भांडण झालं होतं. माफीचा कागद लिहून द्या आणि मोकळे व्हा, असं वहिनी म्हणत होत्या, आणि ते ऐकत नव्हते. शेवटी त्या म्हणाल्या होत्या, "एवढी नदी प्यारी असेल तर तिथंच राहा, घरी येऊ नका."

हे सांगून त्यांनी मला विचारलं, "भाऊजी, भोंगा त्यांना ऐकू गेला असेल ना?"

तेव्हा वेळ होती. दारात आम्ही दोघंच होतो.

मी म्हणालो, "गेला असेल, वहिनी."

त्यांनी मान हलवली आणि गेल्या. सरकारी घर सोडून लहान मुलीला घेऊन देवळाली कॅम्पला भावाकडे राहायला गेल्या. तिथं बालवाडीत काम धरलं, मुलीला शिकवलं, एवढं कानावर आलं. माझी बदली देवळ्याकडे झाली, पुढे बढती झाली. चौकीदार वारला. जिथं म्हणून राहिलो तिथं एप्रिलच्या दुपारी, जेवून आडवा झालो की कान आपोआप बाहेर लागत. कारखान्याचा भोंगा वाजला तरी उठून बसे. बायको म्हणे, काय झालं? मी म्हणे, काही नाही.

मागच्या वर्षी नातीला मी बंधाऱ्यावरच्या दिवसांबद्दल सांगत होतो. बोलता बोलता माझे हात दांडा फिरवल्यासारखे फिरले आणि मी म्हणालो, "त्या दिवशीही मी असाच भोंगा दिला." म्हणताना मला ते खोटं वाटलं नाही. दांड्याचा गारवा हाताला जाणवला. एप्रिलच्या दुपारी लोखंडी दांडा गार कसा असेल? मी घाबरलो. त्या शेतकऱ्याला बुजलेला बैल दिसला तसा उद्या मला दांडा दिसेल, आणि मग खरं काय ते जाणणारं कोणीच उरणार नाही.

पत्ता शोधायला थोडे दिवस गेले. देवळाली कॅम्पात बाजारामागे दोन खोल्या. दार मुलीने उघडलं. तिचेही केस पिकलेले. मी ओळख सांगितली. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली कॉटवर वहिनी. नव्वदीला टेकलेल्या, पण डोळे तेच.

"आईला कमी ऐकू येतं," मुलगी म्हणाली. "मोठ्यानं बोला."

मी जवळ सरकून सांगायला सुरुवात केली. वहिनींनी कानामागे हात धरला. "काय म्हणतात हे?"

"मोठ्यानं बोला, काका."

मग मी ओरडून सांगितलं. दार उघडं होतं, शेजारी नळावर बायका भांडी घासत होत्या. भांड्यांचा आवाज थांबला. भोंगा दिला नव्हता, सायकल पाहिली होती, चपला का काढत, मी खोटं बोललो, हे सगळं मला ओरडून सांगावं लागलं.

वहिनींनी कानामागचा हात खाली घेतला. मग मुलीकडे वळल्या.

"म्हणजे ते घरी येणार होते."

"हो, आई."

"मी येऊ नका म्हटलं, तरी येणार होते."

मुलगी रडायला लागली. वहिनी नाही रडल्या. त्या चिडल्या. मुलीला म्हणाल्या, "इतकी वर्षं मी त्या माणसाला शिव्या दिल्या गं. रोज. तुला त्यांचा फोटो लावू दिला नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हाला मी दारात येऊन विचारलं होतं."

"हो, वहिनी."

"मोठ्यानं."

"हो!"

मला वाटलं आता जा म्हणतील. मुलीनेही माझी पिशवी उचलून हातात दिली. पण वहिनींनी तिला पत्र्याची पेटी ओढायला सांगितली. तळातून, पातळांच्या घडीतून एक फोटो निघाला. खाकी डगल्यातला, सुरगाण्याकडचा असावा, मागे झाडं. गुडघा शाबूत असतानाचा, कारण ते उकिडवे बसले होते.

"खिळा आण," वहिनी म्हणाल्या.

खिळा मिळाला, हातोडी मिळाली नाही. मुलीने शेजारून बत्ता आणला. नळावरची एक बाई दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "कोणाचा फोटो हो, आजी?"

"माझ्या मालकांचा," वहिनी म्हणाल्या. "नदीत गेले. पाणी सोडताना यांनी सांगितलं नाही."

बाईने माझ्याकडे पाहिलं. मुलगी खिळा ठोकू लागली. मी अजून कॉटशेजारी उभा होतो, पिशवी धरून.