मस्कतहून येणाऱ्या कॅसेटी

ज्या घरात टू-इन-वन टेप असतो तिथे बायका जमतात, आणि बायका जमल्या की किस्से साठतात. मुद्दाम कुणी जपून ठेवत नाही. कॅसेट पुसून तिच्यावर दुसरं भरता येतं, किश्श्यांचं तसं होत नाही, एवढंच.

रत्नागिरीत आमच्या आळीत तेव्हा टेप फक्त आमच्याकडे होता. हे मस्कतला इलेक्ट्रिशियन. गेले तेव्हा मनू चार महिन्यांची, आणि करार दोन वर्षांचा. मनूला पत्र वाचता येणार नाही म्हणून ह्यांनी टेप पाठवला, आणि मग दर महिन्या-दीड महिन्याला कुणा येणाऱ्याबरोबर कॅसेट. मी मनूला रोज संध्याकाळी टेपसमोर बसवायची. "हे बाबा." खोक्याकडे बोट दाखवून आपण मुलीला काय शिकवतोय, असं मनात यायचं. पण दुसरं दाखवणार काय? फोटो होता, तो ती चाटायची. दोन वर्षांनी माणूस दारात उभा राहील आणि ही ओळखणार नाही, ही एकच भीती मला होती. बाकीच्या सगळ्या तिच्याच पोटातल्या.

हळूहळू शेजारणीही आपापल्या कॅसेटी घेऊन यायला लागल्या.

•

हमीदाभाभी मागच्या घरातल्या. त्यांचे मियाँ आणि थोरले दीर दोघे कुवेतला. त्यांची पहिली कॅसेट मी लावली. मियाँचा आवाज ऐकून भाभी खाली बघून गालात हसत होत्या. मध्येच दिरांचा आवाज आला, "हमीदा, अम्मीची तब्येत बरी हाय ना?" भाभी चटकन उठून उभ्या राहिल्या आणि पदर डोक्यावर ओढून घेतला.

"भाभी, ते कुवेतला आहेत," मी म्हटलं.

"ते हायत तिकडं. मी तर हितंच हाय ना?"

मी बी.ए. झालेली, म्हणून मनातल्या मनात हसले. त्याच आठवड्यात ह्यांच्यासाठी बोलायला बसले, आणि बसण्याआधी आरशासमोर जाऊन कुंकू नीट करून आले.

•

समोरच्या वासंतीवहिनींचा नवरा गंगाराम. ह्यांनीच त्याला मस्कतला बोलावून घेतलं. वहिनी पहिल्यांदा टेपपुढे बसल्या, तेव्हा पाच मिनिटं नुसती टेप फिरत होती.

"नाव घ्या ना त्यांचं."

"नाव कसा घेऊ गो? लग्नात घेतला तेवढाच."

शेवटी त्यांनी सुरुवात केली, "अहो, ऐकताय ना?"

पुढे काय झालं ते ह्यांच्या कॅसेटमधून कळलं. तिकडच्या खोलीत आठ माणसं, सगळी बायकामुलं गावी ठेवून गेलेली. वहिनींचा आवाज आला आणि सात जण एकदम "हो" म्हणाले. गंगाराम तेवढा भिंतीकडे तोंड करून बसला होता.

•

भाभींचे मियाँ रजेवर आले, तेव्हा मी मनूला घेऊन भेटायला गेले होते. त्यांच्या अम्मींनी काचेचा ग्लास पुढे केला. संत्र्याच्या पावडरीचं सरबत. पावडर मियाँनीच कुवेतहून पाठवलेली, कपाटात ठेवलेली, फक्त आल्यागेल्यासाठी निघायची.

मियाँनी ग्लास हातात घेतला, बघितला. "अम्मी, कोकमाचं नाय काय?"

"हाय की. पण तुला कसा देऊ? तो घरच्यांसाठी."

अम्मी बोलून गेल्या. मियाँनी ग्लास एका दमात संपवला. म्हणाले, "बरा झालाय."

•

गंगाराम त्याच्या गावचा ढोलवाला. तो मस्कतला जायच्या आधीच्या शिमग्यात ह्यांनी फर्माईश केली होती, की पालखीच्या ढोलाचा आवाज भरून पाठव. मी कडेवर मनू आणि हातात टेप घेऊन गेले होते. एक कॅसेट ह्यांना पाठवली, एक माझ्याजवळ राहिली.

पुढच्या शिमग्यात गावाला ढोलवालाच नाही. गावचे मानकरी गावकर स्वतः माझ्या दारी आले. पागोटं काढून म्हणाले, "बाई, देवाची अडचण झालीय. ती कॅसेट द्याल?"

पालखी त्या कॅसेटवर नाचली. भोयांतले निम्मे मुंबईहून रजा काढून आलेले, त्यांचेही पाय बरोबर पडत होते. मध्येच ढोलाच्या वर माझा आवाज आला, "मनू, हात लावू नकोस गं." कुणी थांबलं नाही. मला मात्र जमिनीत शिरावंसं वाटलं. देवापुढे हे चालतं का, आणि चालत नसेल तर दोष कुणाला, मला की गंगारामला?

वासंतीवहिनी शेजारी उभ्या होत्या. बराच वेळ ऐकत राहिल्या. मग मला हळूच म्हणाल्या, "जरा थांबवा गो. त्यांचे हात दुखत असतील."

•

हे आले ते मे महिन्यात, सकाळच्या एस.टी.ने. मनूने एकदा बघितलं आणि माझ्या साडीत तोंड खुपसलं. ह्यांनी बॅगेतून डोळे मिटणारी बाहुली काढली. ती आणखी रडली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी ओशाळले होते, जणू माझाच निकाल लागला होता.

तिसऱ्या दिवशी हे माजघराच्या दारामागे शर्ट अडकवत होते. तिथूनच सहज म्हणाले, "मनू, दूध प्यालीस का?" प्रत्येक कॅसेट ह्याच वाक्याने सुरू व्हायची.

मनू खेळता खेळता थांबली. "प्याले."

"मग आज काय काय केलंस?"

तिने सगळं सांगितलं. मांजरीला पिल्लं झाली, भाभींनी खजूर दिला, आणि घरात एक माणूस आलाय.

त्या दिवसापासून हे रोज दारामागे उभे राहायचे. चार दिवसांनी दाराबाहेर हात आला. मनूने त्याला बाहुली दाखवली. आठव्या दिवशी हे बाहेर आले, आणि मग महिनाभर मनू ह्यांच्या खांद्यावरून उतरली नाही.

हे परत गेले. आषाढात कॅसेट आली. मी मनूला समोर बसवून लावली.

"मनू, दूध प्यालीस का?"

मनूने टेपकडे बघितलंही नाही. उठली आणि माजघराच्या दारामागे जाऊन बघून आली. मग स्वयंपाकघराच्या. मग न्हाणीघराच्या.