माझ्या बारावीचं सुतक

माझ्या बारावीच्या फिजिक्सच्या पेपरच्या आदल्या दिवशी सकाळी आमचे आबा वारले आणि संध्याकाळच्या एसटीने परत आले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा मेडिकलला सीईटी-बिईटी नव्हती. बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचे मार्क, बस्स! दहावीत तुम्ही पहिले आलेले असा की काठावर सुटलेले, कुत्रं विचारत नव्हतं. वर्ध्याकडच्या आष्टीत बाबांचं किराणा दुकान, घराण्यात डॉक्टर एकही नाही. त्यामुळे मी बारावीत गेलो आणि घराला सुतक लागलं.

टीव्हीवर पांढरी चादर पडली. मोहरी तडतडते म्हणून फोडणी बंद! (बिनफोडणीचं वरण खाऊन खाऊन पेशंट मात्र मी तेव्हाच झालो होतो.) दुकानाचं शटर अर्धं खाली, गिऱ्हाईक वाकून, कुजबुजत साखर मागायचं. राहता राहिला आजोबांचा, म्हणजे आबांचा, खोकला.

"आबा, पेपर होईपर्यंत हिंगणीले ताईकडं जाता काय?" बाबांनी खाली मान घालून विचारलं.

"जातो ना! माह्या खोकल्यानं पोराचे मार्क काऊन कमी व्हावे?" म्हणत आबांनी पिशवी भरली. निघताना त्यांना ढास लागली, तर माझ्या खोलीकडे बघत त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा तोंडात कोंबला. मला फार वाईट वाटलं. पण मी उठलो नाही. ऑप्टिक्स बाकी होतं.

आईने ओसरीवरची त्यांची खाट भिंतीला उभी करून ठेवली. इथूनच सगळा घोळ सुरू झाला.

फिजिक्सच्या आदल्या दिवशी सकाळी बाबा माल आणायला आर्वीला गेलेले. आमची एक लांबची काकू, तळेगावची सुमनकाकू, बाजाराला आली ती घरी डोकावली. अर्धं शटर, पांढरी चादर, घरात ना फोडणीचा वास ना कुणाचा आवाज, आणि ओसरीवर मयताच्या घरी करतात तशी उभी खाट!

"बाई, आबा कुठी हायेत?" तिने धास्तावून विचारलं.

आईला बोलायची मनाई. तिने खाटेकडे बोट केलं आणि नुसता हात हलवला, गेले म्हणून.

"आबा वोऽऽ! आखरीचं तोंडबी नाई पाह्यलं वोऽऽ!"

आता आईने खुलासा करायला नको? पण म्हाताऱ्या माणसाला घराबाहेर धाडल्याचं तिच्या मनाला लागून राहिलेलं. ती सरळ काकूच्या गळ्यात पडली.

"आमीच धाडलं वो त्याइले! ह्या पोराच्या मार्कापायी!"

काकू जरा दचकली, पण रडणं काही थांबवलं नाही!

घटकाभरात ओसरी भरली. आबा हिंगणीला होते, म्हणजे तिथेच गेले, असा शेजाऱ्यांनी अंदाज बांधला. रीतीप्रमाणे शेजारून पिठलं-भाकरी आली. एका उत्साही माणसाने एसटीडी बूथवरून हिंगणीच्या बूथवाल्याला फोन लावला, "आष्टीहून बोलून राह्यलो, माती कधी हाय?" आणि लाइन कटली. बूथवाल्याने धावत जाऊन निरोप दिला तो नेमका आबांनाच. "आबा, आष्टीले तुमच्या घरी कोणाची तरी मयत झाली जी!"

मी मागच्या खोलीत, कानात कापसाचे बोळे. (हेही बाबांचंच डोकं!) पाणी प्यायला बाहेर आलो तर ओसरीभर टोप्या आणि पदर. काकूने मला कवटाळलं. मी बोळे काढले.

"गेले रे तुहे आबा!"

मी तिथेच बसलो. तो तोंडात कोंबलेला दुपट्टा काही डोळ्यांपुढून हलेना. साधं दारापर्यंतही गेलो नव्हतो मी. ढसाढसा रडलो.

दिवस कलला तरी पुस्तक तसंच उघडं पडलेलं. एवढ्यात गल्लीच्या टोकाकडून आणखी एक रडणं ऐकू आलं.

"माहा गजू गेला वोऽऽ! अभ्यासानं मारलं रे माह्या पोराले!"

दारात आबा! वर्ध्यात एसटी बदलून, वाटभर माझ्या नावाने रडत आलेले. "भूऽऽत!" म्हणून काकू जी मागे पडली ती पिठल्याने भरलेल्या गंजात. आबांनी मला पाहिलं, माझे खांदे धरून गदागदा हलवले.

"जित्ता हायेस काय बे तू?"

"हो आबा. अन् तुमी?"

आबांनी स्वतःची छाती चाचपली आणि मनसोक्त खोकले. तेवढ्यात आर्वीहून बाबा आले. गर्दी, रडारड, पिठल्यात बसलेली काकू, सगळं पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "श्शूऽऽ! पेपर हाय ना उद्या त्याचा!"

पेपरात काय लिहिलं ते मला आजही आठवत नाही.

रिझल्ट लागला. फिजिक्सने घात केला, मेडिकल थोडक्यात हुकलं. बाबांनी शटर पूर्ण खाली ओढलं. आई चुलीपाशी बसून राहिली. दुपारी तीच मंडळी आली, त्याच ओसरीवर टेकली. शेजारून पिठलं-भाकरी आली. कुणी मोठ्याने बोलेना.

आबा मला खेटून बसले होते, पाठीवर हात ठेवून, कुणाची पर्वा न करता खोकत. "मार्क गेले त जाऊ दे," ते म्हणाले. "तू हायेस ना!"

मला भरून आलं. तेवढ्यात सुमनकाकूने पदराने डोळे टिपले आणि सुस्कारा सोडला.

"लय हुशार होता वो पोरगा!"

"होता, होता," सगळे म्हणाले.

मीही भाकरीचा तुकडा मोडत मान हलवली. "होता खरा!"